पहिली ते चौथी एकाच खोलीत: उपक्रम भरपूर होतात पण दुसऱ्या दिवशी पाटी कोरी

नवी_बाई

नमस्कार सगळ्यांना. यावर्षी माझ्याकडे पहिली ते चौथी असे चारही वर्ग एकत्र आलेत, खोली एक, फळा एक आणि मी एकटी. मुलं गोड आहेत, तक्रार मुलांची नाहीच.

झालं असं की मी मोठ्या उत्साहाने दुकान-दुकान खेळ लावला. खोट्या नोटा कापल्या, वस्तूंना किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या, दोन दुकानदार नेमले, दोन दिवस नुसती धमाल. पण नीट बघितलं तर पहिलीची मुलं नोटांची विमानं करत होती, दुसरीवाले भांडत होते की दुकानदार कोण, तिसरीतली एक हुशार मुलगी सगळ्यांचा हिशोब एकटीच करून देत होती आणि चौथीवाले खिडकीतून बाहेर बघत होते कारण त्यांना ते बाळबोध वाटलं.

तिसऱ्या दिवशी वहीत साधी वजाबाकी दिली, ४२ वजा १७. तिसरीच्या सात मुलांपैकी पाच जणांनी ३५ लिहिलं. पाच! दोन दिवस सुट्टे पैसे परत देत होती ना ही मुलं?

तर प्रश्न असा की चार वर्गांना चार वेगळे उपक्रम घ्यायचे म्हटलं तर माझी रात्र तयारीत जाते आणि एकच घेतला तर वरची गत. तुम्ही लोक कसं करता? आणि हे उपक्रम वगैरे खरंच काही शिकवतात का, की फोटो काढण्यापुरतेच असतात?

---

खडूची_धूळ

ताई, आधी त्या ३५ बद्दल बोलूया कारण खरी गंमत तिथे आहे. पाच मुलांनी एकसारखं चुकीचं उत्तर लिहिलं म्हणजे तो निष्काळजीपणा नाही, तो नियम आहे. त्यांच्या डोक्यात नियम असा बसलाय की वजाबाकीत लहान आकडा मोठ्यातून काढायचा, मग वर असो की खाली. ७ मधून २ गेले ५, ४ मधून १ गेला ३, झालं ३५. त्यांच्या दृष्टीने उत्तर बरोबरच आहे. तुम्ही लाल फुली मारलीत तर त्यांना एवढंच कळेल की बाईंना आवडलं नाही. एका मुलाला जवळ बोलावून फक्त म्हणा "मला सांग तू कसं केलंस". रागाने नाही हं, कुतूहलाने. तो स्वतःच सगळं सांगेल.

आणि दुकानात हे का सुटलं नाही? कारण दुकानात त्यांना कधी दहाची नोट मोडावीच लागली नाही. सुट्ट्या नोटा भरपूर होत्या ना तुमच्याकडे? असणारच. जिथे अडलं पाहिजे तिथे खेळ अडलाच नाही, मग शिकणार कुठून.

आता चार वर्गांचं. मी बरीच वर्षं असाच वर्ग चालवला, माझं म्हणणं एकच आहे, साहित्य एक ठेवा, काम चार ठेवा. मी काड्या वापरते. शे-दोनशे काड्या आणि रबर. दहाचा एक गठ्ठा, उरलेल्या सुट्ट्या. बस्स.

पहिलीला नुसत्या मोजायला द्यायच्या, पण मोजणं म्हणजे एक दोन तीन म्हणणं नव्हे. गेलमन आणि गॅलिस्टेल या दोघांनी १९७८ मध्ये लहान मुलं कसं मोजतात त्याची तत्त्वं मांडली, ती मला वर्गात रोज दिसतात. एका काडीला एकच अंक, अंकांचा क्रम तोच, आणि शेवटचा म्हटलेला अंक म्हणजे सगळ्या मिळून किती. हे शेवटचं फार जणांना येत नसतं आणि आपल्याला वाटत असतं की येतं. मूल बोट ठेवून सात काड्या छान मोजतं, लगेच विचारा "मग किती आहेत?" की पुन्हा एकपासून सुरू! त्याला सात म्हणजे शेवटच्या काडीचं नाव वाटतं. काड्या पसरून पुन्हा विचारा, उलट्या बाजूने मोजायला सांगा, एक लपवा. पंधरा मिनिटांचं काम आहे, जोडीजोडीने होतं, तुमची गरज नाही.

दुसरीला गठ्ठे बांधायला द्या आणि इथे आपल्या भाषेची एक अडचण आहे. सदतीस म्हणताना सात आधी येतो, तीस नंतर. लिहिताना मात्र तीन आधी. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहितं, म्हणून ७३. जर्मन मुलांचीही हीच पंचाईत, त्यांच्याकडेही सुटे आधी बोलतात. शिवाय आपलं एकोणतीस, एकोणचाळीस, ऐकू येतं तीस चाळीस आणि आहे त्याहून एक कमी. एकोणनव्वदपर्यंत हा खेळ चालतो आणि शेवटी नव्याण्णव एकदम वेगळंच. म्हणून मी संख्या नुसती वाचायला लावत नाही. मी "सदतीस" म्हणते, मुलं आधी गठ्ठे उचलतात, तीन, मग सुट्ट्या सात, आणि मग लिहितात. हात आधी जातो गठ्ठ्याकडे, तसा पेनही जातो. एकोणतीसला तीन गठ्ठे बांधून एक काडी काढून घ्यायला लावा, गठ्ठा सुटतो, दोन गठ्ठे नऊ सुट्ट्या. तोंड बघण्यासारखं असतं मुलांचं.

तिसरीला तुमची ४२ वजा १७. चार गठ्ठे, दोन सुट्ट्या. "मला सतरा दे." एक गठ्ठा देतो, सात सुट्ट्या देताना अडतो. इथे गप्प बसायचं. काही बोलायचं नाही. कोणीतरी रबर काढतोच. हातचा, उसना हे शब्द त्यानंतर आणा, आधी नको.

चौथीला त्याच काड्या मांडणीत. १४ च्या सहा ओळी लावा म्हणते, सगळ्या मोजत बसू नका, कसं पटकन सांगाल? कोणीतरी दहा सक साठ आणि चार सक चोवीस असं फोडतं. मग ५० काड्या ८ जणांत वाटा, प्रत्येकी सहा, दोन उरल्या, उरलेल्यांचं काय करायचं यावर भांडण. बाकी म्हणजे काय हे त्या भांडणात कळतं.

एक मात्र कराच. काड्यांवरून थेट वहीत उडी मारू नका. मधे चित्र. गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्टीला ठिपका. ब्रूनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हेच मांडलं की आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. तुमचं दुकान कृतीवरून थेट चिन्हावर गेलं, मधला जिना गायब.

---

उलटतपासणी

वरचं बरंचसं पटलं पण थोडा विरोध नोंदवतो, राग नसावा.

काड्या चौथीपर्यंत ओढू नका. मी अशी मुलं बघितलीत की ज्यांना ६ अधिक ७ ला पण काड्या लागतात आणि ती काड्यांनी अचूक करतात म्हणून शिक्षक खूश. ती कुबडी झालेली असते. साहित्य कधी काढून घ्यायचं हे ठरवलं नसेल तर साहित्य आणूच नका. माझा नियम असा की मुलाने काड्या न हलवता, डोळे मिटून सांगितलं की आता कोणता गठ्ठा सुटेल, तर त्या उदाहरणांसाठी काड्या बंद.

दुसरं म्हणजे गट. ताईंच्या वर्गात एक मुलगी सगळ्यांचा हिशोब करत होती ते काही विशेष नाही, पाच जणांच्या गटात काम एकाचंच होतं आणि बाकीचे प्रेक्षक, हे कुठल्याही वर्गात बघा. गटाला एक वही दिली की असंच होणार. यावर एलियट अॅरन्सनने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये जिगसॉ पद्धत काढली होती, म्हणजे माहितीचे तुकडे करायचे, प्रत्येकाकडे एकच तुकडा, दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय आपलं पूर्ण होतच नाही. तिसरी चौथीला धडा वाचताना हे छान चालतं. पहिली दुसरीला नाही चालत, वाचतानाच अडखळतात तर समजावणार काय. त्यांना फक्त जोडी. आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याला सांग, मग वर्गाला, ही फ्रँक लायमनची १९८१ ची युक्ती, फुकट आहे, तयारी शून्य. फक्त पहिल्या टप्प्यात खरंच शांतता पाहिजे, अर्धा मिनिट तरी, नाहीतर बडबडं मूल सगळ्यांचा विचार करून टाकतं.

आणि आता कोणीतरी येऊन सांगेल की काही मुलं बघून शिकणारी, काही ऐकून, काही हाताने, त्याप्रमाणे चार गट करा. कृपया नको. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासलं होतं आणि मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकतं याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. गट करायचेच तर आज कोणाला काय अडलंय यावर करा, आणि आठवड्याने मोडा. नाहीतर ते "ढ गट" होतात, नाव काहीही दिलं तरी मुलांना बरोबर कळतं.

---

खडूची_धूळ

@उलटतपासणी सर, कुबडीचं मान्य. डोळे मिटून सांगायचं, हे मी चोरते. पण मांडणीच्या काड्या चौथीत मी ठेवणारच, क्षेत्रफळ येतं तेव्हा त्या ओळी आठवतात मुलांना.

---

दोन_वेण्या

मी भाषेचं सांगते, गणितवाल्यांनी सगळी जागा खाल्ली 😄

एक मोठं चित्र घ्या. गर्दीचं कुठलंही, बसस्टँड, बाग, काहीही, स्वतः काढलंत तरी चालेल. महिनाभर तेच चित्र भिंतीवर.

पहिली: चित्रातली एक वस्तू मनात धरायची आणि फक्त पहिला आवाज सांगायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. "क ने सुरू होतं." कावळा की कुत्रा? वाचण्याआधी आवाज सुटे करता येणं महत्त्वाचं, आपण थेट अक्षर गिरवण्यावर जातो. टाळ्या वाजवून शब्द तोडणंही चालतं.

दुसरी: चित्रावर एक एक वाक्य लिहायचं आणि मी फक्त वेलांट्या बघते. का सांगू? पहिली वेलांटी लिहितात अक्षराच्या आधी आणि उच्चारतात नंतर. मूल बिचारं डावीकडून उजवीकडे वाचतंय, त्याला आधी वेलांटी भेटते मग अक्षर. माझ्या वर्गात एक मुलगा 'दिवा' वाचताना दर वेळी वेलांटीपाशी थांबून माझ्याकडे बघायचा, की हिचं काय करू. त्याला कळत नव्हतं असं नाही, त्याला उलट करावं लागत होतं. मी अक्षराचं कार्ड आणि वेलांटीचं कार्ड वेगळं केलं, आधी 'द' ठेव, म्हण, आता तिला त्याच्या पुढ्यात आणून बसव, आता म्हण. चार दिवसात थांबणं गेलं.

तिसरी: उत्तरं नाही, प्रश्न लिहायचे. चित्राला दहा प्रश्न विचारा पण उत्तर चित्रात दिसता कामा नये. "छत्रीचा रंग कोणता" बाद. "ती बाई एकटीच का उभी आहे" चालेल. सुरुवातीला सगळे बाद होतात, मग हळूहळू जमतं.

चौथी: चित्रातल्या कोणा एकाच्या तोंडून गोष्ट. एकाने चिंध्या झालेल्या चपलेच्या तोंडून लिहिली होती, अजून जपून ठेवलीय.

तिसरी चौथीला मिळून अजून एक. र ची शोधाशोध. 'सूर्य' मधला डोक्यावर, 'चंद्र' मधला पायात, 'ट्रक' मधला टोपीसारखा खाली, 'दुसऱ्या' मधला चंद्रकोरीसारखा मधे. चार डबे करायचे आणि धड्यातले शब्द शोधून टाकायचे. 'कृपा' कुठे टाकायचा यावरून वर्ग फुटतो, आणि फुटूच द्यावा, कारण तो यातला र नाहीच, तो ऋ आहे. हे मी सांगण्याआधी एका मुलीने सांगितलं होतं आणि मी तिला डस्टर देऊन फळ्यापाशी उभं केलं, की आता तूच समजाव.

---

मागचा_बाक

सगळं ठीक पण चार वर्ग चार कामं करत असताना आवाज किती होतो ते कोणी लिहीत नाही. शेजारच्या वर्गाचे सर येऊन दारात उभे राहतात.

---

दोन_वेण्या

@मागचा_बाक होतो 😂 पण आवाज दोन प्रकारचा असतो, कामाचा आणि टवाळीचा. दारात उभ्या राहणाऱ्यांना फरक कळत नाही हा त्यांचा प्रॉब्लेम.

---

मातीचे_पाय

परिसर अभ्यासवाला एकही नाही का? मग मी.

बी पेरणे. हो हो माहितेय, सगळेच करतात. ओल्या कापसावर बिया ठेवल्या, मोड आले, टाळ्या, फोटो, संपलं. यात मुलं काय शिकली? की बी उगवतं. ते त्यांना आधीच माहीत होतं.

मी असं करतो. चार वाट्या. एक उजेडात पाणी घालून, एक कपाटात अंधारात पाणी घालून, एक उजेडात कोरडी, आणि एकीत बिया पूर्ण पाण्यात बुडवलेल्या. सुरू करण्याआधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा, पुसायचा नाही. जवळपास सगळे म्हणतात अंधारातली उगवणारच नाही. आठवड्याने कपाट उघडतो तर अंधारातली रोपं उजेडातल्यांपेक्षा उंच! लांबलचक, पिवळट, मान टाकलेली, पण उंच. वर्गात जो गोंधळ होतो तो माझ्यासाठी वर्षातला सगळ्यात भारी दिवस. बहुतेक बियांना उगवायला उजेड लागत नाही, पाणी, हवा आणि ऊब लागते, सुरुवातीचं खाणं बीच्या आतच असतं. उजेड मिळाला नाही की रोप त्याच्या शोधात उंच ताणत जातं आणि हिरवं होत नाही. हे मी सांगून कोणी लक्षात ठेवलं नसतं, स्वतःचा अंदाज तोंडावर पडला की राहतं.

कामाची वाटणी अशी. पहिली रोज चित्र काढते, जसं दिसतं तसं, फूल काढायचं नाही कारण फूल आलेलं नाही (हे दरवर्षी सांगावं लागतं). दुसरी कागदाची पट्टी रोपाच्या उंचीएवढी कापून भिंतीवर ओळीने चिकटवते, आठ दिवसांनी पट्ट्यांचा आपोआप आलेख तयार. तिसरी पट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजून तक्ता भरते. इथे बघा, अर्धी मुलं पट्टीवर १ पासून मोजतात, शून्यापासून नाही, कारण मोजणं एकपासून सुरू होतं असं आपणच शिकवलं. त्यांची रोपं कायम एक सेंटिमीटरने जास्त उंच भरतात. आणि चौथीने ठरवायचं की ही तुलना बरोबर आहे का, म्हणजे पाणी सारखं घातलं का, बिया सारख्या होत्या का. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे त्यांना समजावून सांगू नका, दोन गोष्टी बदलू द्या आणि मग विचारा की नक्की कशामुळे झालं? गप्प बसतात. ती शांतता चांगली असते.

बुडवलेल्या बियांना चौथ्या दिवसानंतर वास मारतो, ही सूचना.

---

पालक_पण_गप्प_नाही

मी शिक्षक नाही, आई आहे, माझा मुलगा तिसरीत. एकच विचारते, हे सगळं चांगलंय पण पाढे पाठ नको का? मुलगा घरी येऊन सांगतो आज आम्ही काड्या खेळलो. सात आठे विचारलं की बोटं मोडतो.

---

उलटतपासणी

ताई, पाठ पाहिजेतच. वाद पाठांतर की समज असा नाहीये, दोन्ही लागतं. सात आठे छप्पन्न लगेच आलं नाही तर मोठ्या भागाकारात मुलाचं अर्धं डोकं तिथेच खर्च होतं. फक्त अडला तर मार्ग पाहिजे, सात आठे आठवलं नाही तर सात साते एकोणपन्नास आणि सात, असा. तो मार्ग काड्यांमधून येतो.

घरी एवढं करा, पाढा म्हणून घेण्याऐवजी मधूनच विचारा, आणि दोन दिवस सोडून परत विचारा. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा एक अभ्यास आहे, कॉलेजच्या मुलांवरचा, शाळेतल्या नाही, पण मुद्दा कामाचा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर न बघता आठवून काढणारे पुढे. मी वर्गात रोज सकाळी पहिली पाच मिनिटं वही बंद करून कालचं, गेल्या आठवड्याचं आणि गेल्या महिन्याचं एक एक विचारतो. मार्क नाहीत. नवी बाई, तुमची दुसऱ्या दिवशीची कोरी पाटी यानेच भरेल, अजून एक उपक्रम घेऊन नाही.

---

नवी_बाई

अरे बापरे एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी परत येतेय, आधी करून बघितलं.

काड्या आणल्या. सगळ्यात आधी त्या पाचांपैकी एकाला विचारलं कसं केलंस. तो अगदी शांतपणे म्हणाला "बाई दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन घालवले". म्हणजे त्याने नियम मोडला नाही, वाट काढली! मी इतकी वर्षं फुल्याच मारत होते.

मग चार गठ्ठे दोन सुट्ट्या दिल्या आणि गप्प बसले. गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं मला. दोन मिनिटं काही नाही. मग एक मुलगी, ती हिशोबवाली नाही हं, दुसरीच, वर्गात फारसं बोलत नाही, तिने रबर काढलं आणि माझ्याकडे बघितलं, की चालेल का. बाकीचे ओरडले की गठ्ठा सोडायचा नसतो बाईंनी बांधलाय! म्हणजे एवढे दिवस त्यांना वाटत होतं की गठ्ठा सोडायला परवानगी नाही.

अजून एक मुलगा काड्यांना हातच लावेना. म्हणाला सतराला तीन दिले की वीस, वीसला बावीस दिले की बेचाळीस, म्हणून पंचवीस. हे त्याला कोणी शिकवलं माहीत नाही, बहुतेक दुकानाच्या खेळातूनच आलं, कारण सुटे परत देताना असंच मोजतात. म्हणजे दुकान अगदीच वाया गेलं नाही.

दुसरीचं ३७ ७३ सुधारतंय. पहिलीचं मात्र जमत नाहीये. मी तिसरीजवळ बसले की सहा मिनिटात पहिलीची रांग माझ्यामागे, बाई झालं, बाई आता काय, बाई हा बघा. काय करू?

---

खडूची_धूळ

गठ्ठा सोडायला परवानगी नाही 😄 हे मी वर्गात सांगणार.

पहिलीसाठी "झालं" हा शब्दच नको असं काम द्या. सात काड्या मोज, हे होतं. सात काड्या दोन डब्यात किती प्रकारे टाकता येतील, हे लवकर होत नाही. एक सहा, दोन पाच, आणि मग एखादं मूल विचारतं की एक डबा रिकामा चालेल का. चालेल! तिथे शून्य भेटतं. प्रत्येक प्रकाराचं चित्र काढायला सांगा, वीस मिनिटं कुठे गेली कळणार नाहीत.

आणि तुमची रांग लागते कारण उत्तर बरोबर की चूक हे फक्त तुम्हालाच माहितेय असं त्यांना वाटतं. आधी शेजाऱ्याला दाखव, मग एका चौथीवाल्याला, मग मला. चौथीवाल्यांना रोज पाळी लावा. पण त्यांना बजावून ठेवा की उत्तर सांगायचं नाही, फक्त म्हणायचं "दाखव कसं केलंस". खिडकीतून बघणारे तुमचे ते चौथीवाले, त्यांना हे काम फार आवडेल बघा.

---

मागचा_बाक

आणि काड्या गोळा करायचं काम कोणाकडे? माझ्या वर्गात दोनशे दिल्या होत्या, परत एकशे छप्पन्न आल्या. रबर तर एकही नाही.

---

नवी_बाई

@मागचा_बाक ते काम आता पहिलीला दिलंय, सुट्टीआधी दहा-दहाचे गठ्ठे बांधून डब्यात. काल एकोणीस गठ्ठे आणि आठ सुट्ट्या भरल्या. दोन काड्या कमी आहेत हे त्यांनीच मला सांगितलं, आणि शाळा सुटली तरी दोघं बाकाखाली शोधत होते.